पुण्यात अप्रेंटिस लागायचंय? कंपनीच्या नावाआधी करार बघा

भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये मी चौदा महिने ‘ट्रेनी’ होतो. फिटरचा आयटीआय झालेला, रोज मशिनवर काम, महिनाअखेरीला पाकिटातून पैसे. आई शेजारीपाजारी सांगायची, पोरगा अप्रेंटिस लागलाय. मलाही तसंच वाटत होतं. पुढे रेल्वेच्या एका जाहिरातीत अप्रेंटिसशिपचं राष्ट्रीय प्रमाणपत्र मागितलं होतं म्हणून ऑफिसात विचारायला गेलो, तेव्हा कळलं की माझ्या नावाचा करार कुठेही नोंदलेलाच नव्हता. हातात पडलं ते लेटरहेडवरचं चार ओळींचं पत्र. त्या पत्राला कुठेच किंमत मिळाली नाही आणि माझे चौदा महिने कुणीच मोजले नाहीत. मग वय वाढायच्या आत धावपळ करून दुसरीकडे रीतसर अप्रेंटिसशिप केली.

आज मी एका टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि हत्यारं बनवणाऱ्या विभागात, काम करतो आणि नवीन मुलांच्या मुलाखतींना बसतो. तशीच फसगत झालेली मुलं अजून समोर येतात, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय. कंपनी लहान असो की मोठी, कायद्याच्या कागदावर तुम्ही कोण आहात हे आधी बघायचं. बाकीच्या गोष्टी त्यानंतर.

तुमचं दार कोणतं?

शिकाऊ उमेदवारांचा, म्हणजे अप्रेंटिसांचा, कायदा १९६१ चा, लागू झाला १ मार्च १९६२ ला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपली एमआयडीसी स्थापन झाली. पुढे पिंपरी-चिंचवडची कारखानदारी उभी राहिली ती याच दोन गोष्टींच्या आधाराने, असं मला वाटतं. ‘टेल्कोत (आजच्या टाटा मोटर्समध्ये) अप्रेंटिस लागला’ हे वाक्य आमच्या वडिलांच्या पिढीत लग्नाच्या बैठकीत सांगितलं जायचं.

वयाची किमान अट १४ वर्षं, धोकादायक कामांसाठी १८. अप्रेंटिसशिप ट्रेडप्रमाणे सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत असते. शिक्षणाप्रमाणे दारं वेगवेगळी आहेत.

आयटीआय झालेली मुलं ‘ट्रेड अप्रेंटिस’ होतात: फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन, वेल्डर, मोटार मेकॅनिक, कोपा (संगणक ऑपरेटर) वगैरे. पुण्यात सगळ्यात जास्त मागणी यांनाच. दहावी-बारावी झालेला, आयटीआय न केलेला मुलगाही ‘फ्रेशर’ म्हणून जाऊ शकतो. त्याला आधी मूलभूत प्रशिक्षण आणि मग प्रत्यक्ष काम. काही ट्रेडना पाचवी पासही चालतं. डिप्लोमा आणि पदवीवाल्यांसाठी नॅट्स नावाची वेगळी योजना आणि वेगळं पोर्टल आहे. त्यांनी एक लक्षात ठेवावं: वर्षभर किंवा त्याहून जास्त नोकरीचा अनुभव झाला असेल तर अपात्र ठरवलं जातं. त्यामुळे आधी वर्षभर कुठेतरी चिकटायचं आणि मग अप्रेंटिसशिप बघायची, हा बेत पदवीधरांना महागात पडतो.

दहावीचा निकाल नुकताच लागला असेल आणि घरची परिस्थिती दोन वर्षं थांबू देत असेल, तर माझा सल्ला सरळ आहे: आधी आयटीआय करा. औंधची शासकीय आयटीआय, तिथेच मुलींची स्वतंत्र आयटीआय, पिंपरी-चिंचवड महापालिकेची मोरवाडीची आयटीआय. फी परवडणारी, हातात ट्रेड येतो आणि फ्रेशरपेक्षा कितीतरी जास्त जागांना अर्ज करता येतो. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचे. वेल्डर आणि कोपा एका वर्षाचे. दोन वर्षांचा ट्रेड केला तर पुढे डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाची वाटही उघडी राहते.

कागद: घोडं नावावर अडतं

आधार, दहावीचं गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला, आयटीआयची गुणपत्रिका आणि प्रमाणपत्र, लागू असेल तर जातीचा दाखला, फोटो, बँक पासबुक. यादी कुणीही सांगेल. अडतं ते नावाच्या फरकावर.

आपल्याकडे बोर्डाच्या गुणपत्रकावर आडनाव आधी येतं, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर बहुतेकांचं स्वतःचं नाव आधी असतं. क्रमातला फरक सहसा खपून जातो, स्पेलिंगमधला खपत नाही. वडिलांच्या नावातला एखादा जादा ‘ए’, आडनावातला ‘व्ही’चा ‘डब्ल्यू’, जन्मतारखेतला एक दिवस. शेजारच्या वहिनींच्या मुलाचं निवड यादीत नाव आलं होतं, पण आधारवर वडिलांचं नाव अर्धवट होतं. दुरुस्ती होईपर्यंत जागा भरून गेली. म्हणून जाहिरात यायच्या आधी एका दुपारी सगळे कागद जमिनीवर शेजारी शेजारी मांडा आणि अक्षर न् अक्षर जुळतंय का बघा. आधार दुरुस्त करायचं असेल तर गुणपत्रकाप्रमाणे करा, उलट नाही; बोर्डाकडून नाव बदलून घेणं फार लांबचं काम आहे.

दुसरी गोष्ट बँक खात्याची. खातं आधारशी जोडलेलं आणि चालू पाहिजे, कारण स्टायपेंडमधला (विद्यावेतनातला) सरकारचा वाटा थेट तिथेच येतो. शाळेत शिष्यवृत्तीसाठी काढलेलं खातं बरेचदा बंद पडलेलं असतं. शाखेत जाऊन ते आधी सुरू करून घ्या.

पोर्टल

अप्रेंटिसशिप इंडिया डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर उमेदवार म्हणून नोंदणी करायची. मोबाइल, ईमेल, आधारची पडताळणी, शिक्षण, ट्रेड. नोंदणी झाली की ‘ए’ अक्षराने सुरू होणारा क्रमांक मिळतो. तो वहीत लिहून ठेवा, पुढे प्रत्येक ठिकाणी लागतो. कंपन्यांचा क्रमांक ‘ई’ने सुरू होतो, महावितरणसारख्या मोठ्या आस्थापना जाहिरातीतच तो देतात आणि तो टाकला की थेट त्यांची जागा सापडते.

नोंदणी सायबर कॅफेत केलीत तरी मोबाइल आणि ईमेल स्वतःचाच द्या. कॅफेवाल्याचा ईमेल टाकलेला मुलगा मुलाखतीचं पत्र वाचणार कसं? डिप्लोमा आणि पदवीवाल्यांनी नॅट्सच्या पोर्टलवर नोंदणी करावी.

पुण्यात शोधायचं कुठे

सरकारी जागांपासून सुरुवात करा, कारण तिथे गुणांवर यादी लागते, ओळखीची गरज नसते. मध्य रेल्वेच्या अप्रेंटिस भरतीत पुणे विभाग स्वतंत्र असतो, त्यात घोरपडीचं लोको शेड आणि पुण्याचा कॅरेज-वॅगन डेपो येतात. परीक्षा नसते, दहावीचे आणि आयटीआयचे गुण मिळून गुणवत्ता यादी लागते. दहावीला किमान ५० टक्के आणि वय १५ ते २४. खडकीचा दारूगोळा कारखाना आणि देहूरोडचा कारखाना आयटीआय झालेले आणि न झालेले, दोन्ही घेतात. एसटीची दापोडीची मध्यवर्ती कार्यशाळा मोटार मेकॅनिक, शीटमेटल, वेल्डर, पेंटर यांच्यासाठी उत्तम शाळा आहे. जुन्या बसचा सांगाडा उघडून पुन्हा उभा करताना जे हाताला कळतं ते नव्या लाइनवर कळत नाही. लोणावळा लोकलने येणाऱ्याला दापोडी स्टेशनही सोयीचं. महावितरण वीजतंत्री, तारतंत्री आणि कोपा या ट्रेडसाठी जाहिराती काढतं.

या जाहिरातींचं वेळापत्रक नक्की नसतं आणि मुदत बरेचदा पंधरा-वीस दिवसांचीच असते. म्हणून आयटीआयच्या सूचना फलकाकडे आणि तुमच्या निदेशकांकडे चक्कर मारत राहा, पास झाल्यावरसुद्धा. आमच्या निदेशक सरांनी पास झाल्यानंतर आठ महिन्यांनी फोन करून मला जाहिरात सांगितली होती. पास होऊन गेलेला मुलगा परत येऊन बसतो तेव्हा निदेशकाला तो आठवणीत राहतो.

खासगीत भोसरी, चिंचवड, आकुर्डी, चाकण, तळेगाव, रांजणगाव हे पट्टे. कायद्याप्रमाणे ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या प्रत्येक आस्थापनेला अप्रेंटिस घ्यावेच लागतात, एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते १५ टक्के. म्हणजे २०० माणसांच्या कंपनीला किमान ५ आणि जास्तीत जास्त ३०. चार ते २९ माणसांच्या वर्कशॉपला सक्ती नाही, पण इच्छा असेल तर घेता येतात. हे भोसरीच्या बऱ्याच लहान मालकांना ठाऊकच नसतं. गल्लीतला चांगला मालक ओळखीचा असेल तर त्याला पोर्टलवर नोंदणी करायला सांगा. मी दोघांना अशी नोंदणी करून दिली आहे. दोघांकडे आज रीतसर अप्रेंटिस आहेत.

पंतप्रधान शिकाऊ उमेदवारी मेळावे शासकीय आयटीआयमध्ये भरतात. तिथे जाताना कागदांच्या पाच-सहा प्रती घेऊन जा आणि रांगेत सगळ्यात मोठ्या नावाच्या टेबलासमोर दोन तास घालवू नका. शंभर मुलं जिथे उभी आहेत त्याच्या शेजारच्या टेबलावर टूलरूमवाला एकटा बसलेला असतो. असेंब्ली लाइनवर वर्षभर एकच नट आवळण्यापेक्षा टूलरूममधलं एक वर्ष माझ्या हिशेबी केव्हाही जास्त शिकवतं.

शोधताना येण्याजाण्याचा हिशेबही आत्ताच करा. चाकणची तिसरी शिफ्ट सकाळी सुटते आणि चाकणच्या तळेगाव चौकात गाड्या तुंबलेल्या असतात. कंपनीची बस कुठून सुटते, कॅन्टीनचे पैसे कापतात का, हे विचारायला लाजू नका. मुलींनी आणि त्यांच्या घरच्यांनी शिफ्टच्या वेळा आणि बसचा शेवटचा थांबा नक्की विचारावा. चांगली कंपनी याचं उत्तर लगेच देते.

मुलाखतीत आम्ही काय बघतो

खासगी कंपनीत छोटी लेखी परीक्षा, मग मुलाखत. त्रिकोणमिती, वर्कशॉप कॅल्क्युलेशन, ड्रॉइंग वाचणं. पण माझ्या टेबलावर निकाल लागतो तो मायक्रोमीटरवर.

मी मुलासमोर टर्न केलेला एक पिन ठेवतो आणि ० ते २५ मिलिमीटरचा मायक्रोमीटर देतो. पहिला क्षण बघतो: तो आधी दोन्ही तोंडं पुसतो का? मग मायक्रोमीटर मिटवून शून्य जुळतंय का हे तपासतो का? की थेट पिन अडकवून थिंबल, म्हणजे फिरवायची नळी, पिळतो? थिंबल हाताने आवळला की माप चुकलंच. मागचं रॅचेट फिरवायचं, त्याचा कट-कट आवाज झाला की थांबायचं. मग वाचन. स्लीव्हवर, म्हणजे आतल्या स्थिर नळीवर, १२ दिसतंय, त्याच्या पुढची अर्ध्या मिलिमीटरची रेघही उघडी पडली आहे, आणि थिंबलवर ३४. बरीच मुलं सांगतात १२.३४. बरोबर माप १२.८४, कारण ती अर्धी रेघ मोजायची राहिली. अर्धा मिलिमीटर म्हणजे आमच्या कामात जॉब भंगारात. जो मुलगा पिन जरा फिरवून दुसऱ्या ठिकाणीही माप घेतो आणि म्हणतो, ‘सर, इथे दोन शतांश कमी येतंय’, त्याला मी पुढचे प्रश्न फारसे विचारत नाही.

म्हणून मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात आयटीआयमध्ये जाऊन सरांकडे मायक्रोमीटर आणि वर्निअर मागा, दहा जॉब मोजा, वहीत लिहा. कानस कशी धरायची, घासलेला पृष्ठभाग काटकोनाला लावून उजेडाकडे धरला की फट कुठे दिसते, हे हाताने करून बघा. इलेक्ट्रिशियनला स्टार-डेल्टा स्टार्टर, अर्थिंग, मेगर यावर विचारतात आणि रंग नीट ओळखता येतात का हेही तपासतात. वेल्डरला बहुतेक ठिकाणी प्रत्यक्ष पट्टी जोडायला देतात.

येत नसेल ते ‘येत नाही’ म्हणा. अप्रेंटिस हा शिकायलाच येतो. ठोकून सांगितलेलं उत्तर आम्हाला लगेच कळतं.

करार: इथे घाई करू नका

निवड झाली की कंपनी पोर्टलवर करार तयार करते. तो तुमच्या लॉगिनला दिसतो आणि तुम्ही मान्य करायचा असतो. वय १८ च्या आत असेल तर आई-वडिलांची किंवा पालकांची सही लागते. त्यात चार गोष्टी वाचा: ट्रेडचं नाव, सुरुवातीची आणि शेवटची तारीख, स्टायपेंड, आणि प्रशिक्षणाची जागा. फिटरचा आयटीआय करून करार भलत्याच ट्रेडचा आला तर प्रमाणपत्रही त्याच ट्रेडचं मिळेल. हे सही करण्याआधी विचारायचं.

कामावर रुजू होऊन महिना झाला आणि लॉगिनमध्ये करार दिसत नसेल, तर गप्प बसू नका. तेव्हा मी गप्प बसलो होतो.

तुम्ही खरे अप्रेंटिस आहात की नाही, हे ओळखायची आणखी एक खूण आहे. कायद्याखालच्या अप्रेंटिसचा पीएफ किंवा ईएसआय कापला जात नाही, कारण तो कामगार नसून प्रशिक्षणार्थी धरला जातो. पगाराच्या चिठ्ठीवर पीएफ दिसला तर तुम्ही कामगार आहात, आणि मग किमान वेतन मागायचा हक्क तुमचा. पीएफही नाही आणि करारही नाही, तर तुमची नोंद कुठेच नाही. माझे चौदा महिने असेच गेले.

एखादी संस्था मध्ये असेल तर तेवढ्यावरून घाबरू नका. त्रयस्थ संस्थेमार्फत करार करायला मुभा आहे. पण करार पोर्टलवरच हवा. जागा मिळवून देतो म्हणून पैसे मागणारा, सेफ्टी शूजसाठी डिपॉझिट भरायला लावणारा, मूळ गुणपत्रक ‘ठेवून’ घेणारा माणूस समोर आला तर उठून बाहेर या. मूळ कागद दाखवायचे, सोडायचे नाहीत.

राज्य सरकारची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ मध्ये सुरू झाली. तिच्यात बारावीला ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन ठरलं. आकडा बघून मुलं दोन्हींची गल्लत करतात. ती योजना कामाचा अनुभव देते, त्यात वाईट काही नाही. पण अप्रेंटिसशिपचं राष्ट्रीय प्रमाणपत्र तिच्यातून मिळत नाही. तुम्हाला कोणता कागद पुढे लागणार आहे ते ठरवून निवडा.

पैसे

२०१९ च्या नियमांप्रमाणे किमान मासिक स्टायपेंड असा: पाचवी ते नववीला ५,०००, दहावीला ६,०००, बारावी आणि आयटीआयला ७,०००, डिप्लोमाला ८,०००, पदवीधराला ९,०००. दुसऱ्या वर्षी १० टक्के आणि तिसऱ्या वर्षी १५ टक्के वाढ. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने यात ३६ टक्के वाढीची शिफारस केली, तेव्हा सही करतानाचा चालू दर पोर्टलवर बघा. हा किमान आकडा आहे. कंपनी जास्त देऊ शकते.

पहिल्या महिन्यात हमखास एक गोंधळ होतो. राष्ट्रीय प्रोत्साहन योजनेत किमान स्टायपेंडचा २५ टक्के, पण जास्तीत जास्त १,५०० रुपये, केंद्र सरकार थेट तुमच्या खात्यात टाकतं. ७,००० असेल तर ५,५०० कंपनीकडून आणि १,५०० सरकारकडून, तेही कंपनीचा वाटा जमा झाल्याची नोंद झाल्यावर. मुलांना वाटतं कंपनीने कापले. दोन महिने झाले तरी सरकारचा वाटा आला नाही तर आधी आधार-बँक जोडणी तपासा, मग एचआरला विचारा. कंपनीने आपला वाटा पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत द्यायचा असतो.

आत गेल्यावर

नगावर पैसे देणं अप्रेंटिसच्या बाबतीत कायद्याला मान्य नाही. शिकाऊ उमेदवार सल्लागाराच्या, म्हणजे या कायद्याखालच्या सरकारी अधिकाऱ्याच्या, परवानगीशिवाय ओव्हरटाइमही लावता येत नाही. काम करताना इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाची. हे भांडायला सांगत नाही; माहीत असलं की माणूस नीट शब्दांत विचारू शकतो. पोटापाण्यासाठी डबल ड्यूटी करणारी मुलं मी पाहिली आहेत. तिसऱ्या शिफ्टच्या शेवटच्या तासाला डोळा लागतो आणि प्रेसखालून हात काढायला अर्धा सेकंद उशीर होतो. जेवणाच्या सुट्टीतही गॉगल आणि शूज जवळ ठेवा, चालू मशिनवर कापडी हातमोजे घालू नका.

रोजची डायरी लिहा. आज कोणत्या मशिनवर, कोणता जॉब, कोणतं माप, काय चुकलं. सहा महिने तुम्हाला फक्त माल उचलायला लावत असतील, तर ही डायरी घेऊन सुपरवायझरकडे जाता येतं. ‘साहेब, एप्रिलपासून मी मिलिंगवर एकदाही उभा राहिलो नाही, दोन आठवडे मिळतील का?’ असं तारखेसकट विचारलं की बहुतेक साहेब देतात. नाही ऐकलं तर बीटीआरआय केंद्रात, म्हणजे शासकीय आयटीआयशी जोडलेल्या मूलभूत प्रशिक्षण केंद्रात, शिकाऊ उमेदवार सल्लागाराच्या कार्यालयाकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

कंपनीने आपल्या चुकीने मधेच करार मोडला, तर तीन महिन्यांच्या स्टायपेंडइतकी भरपाई नियमात आहे. तुम्ही मधेच सोडलंत तर प्रशिक्षणाचा खर्च तुमच्याकडे मागितला जाऊ शकतो. तेव्हा दोन हजार जास्त मिळतात म्हणून आठव्या महिन्यात उडी मारू नका.

अप्रेंटिसशिप संपली की नोकरी द्यायचं बंधन कंपनीवर नाही. हे पहिल्या दिवशीच मनात पक्कं करा आणि कोणाच्याही तोंडी आश्वासनावर घराचे हप्ते ठरवू नका.

शेवटची परीक्षा

ट्रेड अप्रेंटिसला शेवटी अखिल भारतीय ट्रेड टेस्ट द्यावी लागते, त्यानंतर राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रमाणपत्र मिळतं. रेल्वेच्या लेव्हल १ (सगळ्यात खालच्या श्रेणीच्या) भरतीत २० टक्के जागा रेल्वेतच अप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांसाठी राखीव असतात. तीन वर्षांच्या अनुभवानंतर हेच प्रमाणपत्र आयटीआयत निदेशक व्हायलाही चालतं. तरीही काही मुलं करार संपला की गावाकडे निघून जातात आणि परीक्षेचा फॉर्म भरायचाच राहतो. फॉर्म आस्थापनेमार्फत जातो, म्हणून करार संपायच्या दोन महिने आधी एचआरला लेखी आठवण द्या, हजेरीची आणि स्टायपेंडची नोंद पोर्टलवर पूर्ण झाली आहे का ते लॉगिनमध्ये तपासा. गेट पास परत करायच्या आधी टाइम ऑफिसमधून तुमचा करार क्रमांक आणि हजेरीचा उतारा मागून घ्या. प्रमाणपत्र आलं की नाव, वडिलांचं नाव, ट्रेड आणि तारखा गुणपत्रकाशेजारी ठेवून जुळवा. चूक दिसली तर त्याच आठवड्यात आस्थापनेला कळवा. तिथली माणसं तुम्हाला ओळखतात तोवर ती दुरुस्ती पटकन होते.